बाकीच्या दहांनी किती केल्या?

कांगा लीगच्या तंबूत मी पहिल्यांदा स्कोअरबुक मांडून बसले, तेव्हा शेजारच्या ज्येष्ठ स्कोअररनं मला एकच गोष्ट शिकवली. फलंदाजाच्या धावांची बेरीज झाली की बोट त्याच पानावर वर-खाली फिरवायचं आणि बाकीच्या दहांनी किती केल्या ते बघायचं. मग काय वाटायचं ते वाटून घ्यायचं.

१९४८ पासून चालत आलेली ही स्पर्धा मुंबईत ऐन पावसाळ्यात खेळतात, मुद्दाम. मैदानात गवत माजलेलं असतं. जमिनीलगत मारलेला सुंदर कव्हर ड्राइव्ह पंधरा-वीस पावलांवर गवतात रुतून बसतो. खेळपट्टी ओली, वर ऊन पडलं की आणखी वाईट, एक चेंडू घोट्याशी आणि पुढचा हनुवटीशी. माझ्या एका जुन्या वहीत जुलैतल्या अशाच एका रविवारचं पान आहे. सगळा संघ ७१ वर बाद. एकाच्या ३४, दुसऱ्या क्रमांकाच्या ९. पानावर चहाचा डाग आहे, आणि त्या ३४ वर मी तेव्हा पेन्सिलनं गोल केला होता. सप्टेंबरअखेरच्या कोरड्या खेळपट्टीवर काढलेली दोन-तीन शतकंही त्याच वहीत आहेत. त्यांच्यावर गोल नाही.

हे आठवायचं कारण माझा भाचा. परवा जेवता जेवता फोन माझ्यापुढे धरून म्हणाला, "मावशी, बघ. कांबळी सचिनपेक्षा भारी."

आकडा खरा होता. विनोद कांबळीची कसोटी सरासरी ५४.२० आणि सचिन तेंडुलकरची ५३.७८. मी म्हटलं, आधी भात संपव, मग सांगते.

सरासरी म्हणजे धावांना बाद झालेल्या वेळांनी भागायचं. नाबाद राहिलात तर धावा वर जमा होतात आणि खाली काहीच वाढत नाही. सचिनचं गणित २०० कसोटी, ३२९ डाव, त्यातले ३३ नाबाद, १५,९२१ धावा. कांबळीचं १७ कसोटी, २१ डाव, एकदा नाबाद, १,०८४ धावा. पण कांबळीच्या त्या २१ डावांची आठव्या डावापाशी घडी घालून बघा. पहिल्या आठ डावांत ७९३ धावा, सरासरी ११३ च्या वर. त्यात इंग्लंडविरुद्ध वानखेडेवर २२४, लगेच झिम्बाब्वेविरुद्ध दिल्लीला २२७, मग श्रीलंकेत १२५ आणि १२०. पुढच्या १३ डावांत २९१ धावा, सरासरी २२ च्या आसपास. ५४.२० या आकड्यात राहणारा फलंदाज असा कधी नव्हताच. एक ११३ वाला होता आणि एक २२ वाला, आणि भागाकारानं दोघांना एका खोलीत कोंबलं. सचिनच्या आकड्यात चोवीस वर्षं आहेत. पोरवयातली, खांदा आणि कोपर दुखावल्याची, उतरतीची, सगळी.

नाबादचा हिशेब किती थराला जाऊ शकतो, याचा माझा आवडता नमुना ऑस्ट्रेलियाच्या बिल जॉन्स्टनचा. हा गोलंदाज, अकराव्या नंबरवर येणारा. १९५३ च्या इंग्लंड दौऱ्यात प्रथम श्रेणीच्या सामन्यांत १७ डावांत त्यानं १०२ धावा केल्या आणि १६ वेळा नाबाद राहिला. सरासरी १०२. त्या दौऱ्याच्या सरासरीच्या तक्त्यात तो सगळ्यांच्या डोक्यावर बसला.

जॉन्स्टनची गंमत म्हणून सोडून देता येते. अॅडम व्होजेसचं तसं नाही, कारण किमान वीस डावांची अट लावली की निवृत्त फलंदाजांच्या कसोटी सरासरीच्या यादीत डॉन ब्रॅडमनच्या खाली त्याचंच नाव येतं. ६१.८७. ग्रेम पोलॉक, जॉर्ज हेडली, हर्बर्ट सटक्लिफ हे सगळे त्याच्यामागे. मी त्याचा हिशेब मांडला. वेस्ट इंडीजविरुद्ध त्याचे डाव नाबाद १३०, ३७, नाबाद २६९ आणि नाबाद १०६. एकूण ५४२ धावा आणि बाद एकदा, म्हणजे सरासरीही ५४२. त्या बाजूला ठेवल्या तर उरतात ९४३ धावा आणि २३ वेळा बाद. भागाकार बरोबर ४१. त्यातही वेलिंग्टनच्या २३९ मध्ये तो ७ वर त्रिफळाचीत झाला होता. पंचांनी नोबॉल दिला, आणि रिप्लेत दिसलं की तो नोबॉल नव्हताच. व्होजेस वाईट नव्हता हो. पण हेडलीच्या वर?

हेडली तिसाच्या दशकातला, दुबळ्या वेस्ट इंडीज संघाला एकटा खांद्यावर घेऊन फिरणारा. त्याच्या ६०.८३ शेजारी बाकीच्या दहांचे आकडे मांडले की माझं पेन्सिलीचं वर्तुळ आपोआप पडतं.

वेगवेगळ्या काळांतल्या फलंदाजांची तुलना करायची मला पटलेली रीत हीच आहे. १९३० चा चेंडू आणि २०१० चा चेंडू शेजारी ठेवता येत नाही. तेव्हा पावसानं भिजलेल्या खेळपट्टीवर तसंच खेळावं लागे. हेल्मेट कसोटीत आलं १९७८ साली. पन्नासचं दशक गोलंदाजांचं होतं, या शतकाचं पहिलं दशक फलंदाजांचं. पण त्याच खेळपट्टीवर, त्याच गोलंदाजांपुढे, त्याच दिवशी दुसऱ्यांनी काय केलं हे तर वहीत लिहिलेलंच असतं. प्रत्येकाला त्याच्या भावकीत उभं करून मापायचं आणि मग ती अंतरं एकमेकांशी ताडायची. कसोटी क्रिकेटच्या पहिल्याच डावात, मार्च १८७७ मध्ये मेलबर्नला, ऑस्ट्रेलियाच्या २४५ पैकी चार्ल्स बॅनरमनच्या एकट्याच्या १६५ होत्या, तेही जखमी होऊन परतण्याआधी. दुसऱ्या क्रमांकाची धावसंख्या १८. बॅनरमनच्या १६५ ला आजचे १६५ म्हणून वाचणं म्हणजे आजीच्या पाटल्यांचा भाव तिच्या लग्नाच्या पावतीवरून ठरवणं.

या मापात ब्रॅडमन कुठे बसतो, हे चार्ल्स डेव्हिस नावाच्या ऑस्ट्रेलियन आकडेतज्ज्ञानं काढलं. आधी सगळ्या फलंदाजांची सरासरी, मग ते त्या सरासरीच्या आजूबाजूला साधारण किती पसरले आहेत ते अंतर. त्या अंतराला शाळेत प्रमाण विचलन म्हणायचे. वर्गाची सरासरी ५० गुण आणि पसारा १० चा असेल, तर ६० मिळवणारा एक पायरी वर, ७० वाला दोन. ब्रॅडमन ४.४ पायऱ्या वर, म्हणजे त्या वर्गातले ९४ गुण. आपापल्या खेळात पेले ३.७ आणि मायकेल जॉर्डन ३.४.

आता ब्रॅडमनची ९९.९४ सगळ्यांना पाठ असते. १४ ऑगस्ट १९४८ ला ओव्हलवर एरिक हॉलिसनं दुसऱ्याच चेंडूवर त्रिफळा उडवला आणि शंभराला चार धावा कमी पडल्या, हेही. मला त्यापेक्षा दुसरे आकडे महत्त्वाचे वाटतात. ८० डावांत तो ४२ वेळा पन्नाशीपुढे गेला आणि त्यातली २९ शतकं झाली. त्याच ८० डावांत सात भोपळे आहेत. म्हणजे त्याला बाद करायचं तर सुरुवातीलाच.

पण मी कांगा लीगवाली, ओल्या खेळपट्टीचा प्रश्न विचारणारच. जानेवारी १९३७, मेलबर्न. पाऊस पडून गेलेला. इंग्लंडनं ९ बाद ७६ वर डाव सोडला. ब्रॅडमननं काय केलं? फलंदाजीचा क्रम उलटा केला. शेपटातल्या ओरायली आणि फ्लीटवुड-स्मिथला सलामीला धाडलं आणि स्वतः सातव्या नंबरवर, खेळपट्टी वाळल्यावर उतरला. २७० केल्या. हुशारी म्हणा किंवा पळवाट. त्या २७० ला माझं वर्तुळ अर्धंच. पुरं वर्तुळ १९३२-३३ च्या बॉडीलाइन मालिकेला, इंग्लंडच्या अंगावर येणाऱ्या माऱ्यापुढे. तिथं त्याची सरासरी ५६.५७ वर घसरली, आणि लोक म्हणतात, बघा, सापडला! मग त्या मालिकेतल्या बाकीच्या ऑस्ट्रेलियन फलंदाजांकडे बघा. पुढचा स्टॅन मॅककेब, ४२ च्या वर थोडा, आणि त्याचा मोठा वाटा सिडनीच्या नाबाद १८७ चा, ज्या कसोटीत ब्रॅडमन नव्हता. मेलबर्नला दुसऱ्या डावात संघाच्या १९१, त्यात ब्रॅडमन नाबाद १०३.

या रीतीतही भोकं आहेत. साथीदार दगड असले की साधा माणूस हिरा दिसतो. समोरच्या संघाचं नावही फसवतं. सुनील गावसकरांची वेस्ट इंडीजविरुद्ध १३ शतकं आम्ही लहानपणी जपासारखी मोजायचो. त्यातली आठ १९७१ आणि १९७८-७९ या दोन मालिकांतली. ७१ साली वेस्ट इंडीजची ती चार वेगवान गोलंदाजांची फळी उभी राहिली नव्हती, आणि ७८-७९ ला त्यांचे मोठे खेळाडू केरी पॅकरच्या बंडखोर मालिकेत होते. हे लिहिताना माझा दादरकर हात जड होतो. म्हणून लगेच हेही लिहिते, की १९८३ साली दिल्लीला मार्शल आणि होल्डिंगपुढे त्यांनी १२१ काढल्या. ते २९ वं शतक, ब्रॅडमनच्या बरोबरीचं, त्याच्या दुपटीहून जास्त डावांत. आणि त्याच मालिकेत मद्रासला नाबाद २३६.

भाच्यानं इतकं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग विजय मर्चंट कुठे?"

आझाद मैदानावरच्या आमच्या तंबूतून बॉम्बे जिमखान्याची इमारत दिसते. डिसेंबर १९३३ मध्ये भारतातली पहिली कसोटी तिथं झाली आणि मर्चंट तिथंच पहिल्यांदा कसोटी खेळले. शेवटची १९५१ ला दिल्लीत, वयाच्या चाळिशीत, १५४ धावा काढून. अठरा वर्षांत फक्त दहा कसोटी. मध्ये महायुद्ध, मध्ये आजारपण. ८५९ धावा, सरासरी ४७.७२, नाबाद एकदाही नाही. प्रथम श्रेणीत ७१.६४, ब्रॅडमनच्या ९५.१४ खाली दुसरे. यावर लोक म्हणतात, ब्रेबर्नच्या पाटा खेळपट्टीवर कुणीही काढेल. मग १९४६ चा इंग्लंड दौरा काढा. ओला, गार उन्हाळा, अनोळखी खेळपट्ट्या. मर्चंटांच्या २,३८५ धावा, सात शतकं, सरासरी ७४.५३. कारकिर्दीच्या सरासरीपेक्षा परक्या चिखलात जास्त.

भाच्यानं फोनवरची कसोटी सरासरीची यादी वर सरकवली, खाली सरकवली. मर्चंट नव्हते. किमान २० डावांची अट. कांबळीचे २१, मर्चंटांचे १८. अट खोटी नाही. ती काढली तर १९४८ मध्ये एकच डाव खेळून ११२ काढणारा त्रिनिदादचा अँडी गँटोम ब्रॅडमनच्या वर जाऊन बसतो.

"मी १८ टाकतो," भाचा म्हणाला. चौकटीतला आकडा त्यानं बदलला, चक्र फिरलं, मर्चंट आले. त्यांच्याबरोबर आणखीही काही नावं आली. मी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि म्हटलं, एकेकाचे डाव उघड, बाकीच्या दहांसकट.