बेलाचं भोक पडलेलं पान

महाशिवरात्रीच्या यात्रेत मार्कंड्याला गेलात, तर देवळाच्या वाटेवरच्या टोपल्यांकडे जरा नीट बघा. बेलाच्या त्रिदळांच्या जुड्या, रुईच्या फुलांच्या माळा, धोतऱ्याची पांढरी फुलं आणि काटेरी फळं. गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यातलं हे देवस्थान. दक्षिणेकडे निघालेली वैनगंगा इथे मान वळवून काही अंतर उत्तरेकडे वाहते, म्हणून या काठाला तीर्थाचा मान. कोरीव देवळांमुळे लोक याला विदर्भाचं खजुराहो म्हणतात. पूजेला बसलेली मंडळी जुडीतून एकेक पान निवडतात. तीन दलं अखंड हवीत. भोक पडलेलं, कुरतडलेलं पान देवाला चालत नाही. ते बाजूला पडतं.

ते बाजूला पडलेलं पान उचला. आपली गोष्ट त्या भोकातून सुरू होते.

बेलाचं पान चुरगाळून हुंगलं की लिंबाची आठवण येते. साहजिक आहे. बेल, लिंबू, संत्रं आणि कढीपत्ता ही सगळी एकाच कुळातली भावंडं. आपल्याला हे नाकाने कळतं, फुलपाखराला पायाने. काळ्या पंखांवर फिकट पिवळे ठिपके आणि मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यात विटकरी डाग असलेलं एक फुलपाखरू लिंबाभोवती नेहमी दिसतं. त्याची मादी पानावर उतरते आणि पुढच्या पायांनी पानावर टकटक करते. चव ओळखणारी इंद्रियं तिच्या पायांत असतात. झाड ओळखीचं निघालं की कोवळ्या पानावर मोहरीहून लहान, फिकट पिवळं, गोल अंडं चिकटवते आणि उडून जाते.

अळी बाहेर येते ती पाखराच्या विष्ठेच्या वेषात. तपकिरी अंगावर पांढरा ओघळ! पानावर पडलेली शिट कोण खाणार? अळी मोठी झाली की ही बतावणी खपणार नाही, म्हणून शेवटची कात टाकताना ती पानासारखी हिरवीगार होते. तरीही कुणी डिवचलंच, तर डोक्यामागून दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मग कोष, आणि अंडं घातल्यापासून साधारण महिनाभरात फुलपाखरू. मृकंडू ऋषींच्या मुलाला सोळा वर्षांचं आयुष्य मिळालं होतं आणि शिवलिंगाला मिठी मारून तो यमाच्या फासातून सुटला, अशी मार्कंड्याची कथा. या अळीची मिठी शिवाच्या बेलाला आहे, एवढाच फरक.

आता रुई. तिचा चीक विषारी, शेळीही तोंड लावताना विचार करते. पण काळ्या किनारीचं नारिंगी फुलपाखरू, इंग्रजीत ज्याला ‘प्लेन टायगर’ म्हणतात, त्याची अळी रुईच खाते. झाडाचं विष ती अंगात साठवते आणि ते पुढे फुलपाखरातही उतरतं. एकदा तोंड पोळलेला पक्षी पुन्हा नारिंगी रंगाच्या वाट्याला जात नाही. या दराऱ्याचा फायदा दुसऱ्याच एका जातीची मादी उचलते. तिच्यात विष नसतं, पण रूप हुबेहूब तेच. तिचा नर मात्र काळा, पंखांवर पांढरे ठिपके असलेला. नवरा-बायको शेजारी बसले, तर एका जातीचे वाटणार नाहीत!

रुईचं फूलही साधं नाही. त्यातला पराग सुटी भुकटी नसतो. दोन चिमुकल्या पिशव्या एका चिमट्याने जोडलेल्या असतात. मधासाठी आलेल्या काळ्या भुंग्याचा पाय फुलातल्या फटीत अडकतो. तो हिसका देऊन निघतो, तेव्हा ती जोडी पायाला लटकलेली असते. पुढच्या फुलात ती तशाच फटीत बसली की रुईचं काम फत्ते.

धोतरा रात्रपाळीचा गडी. दिवस कलला की त्याचं पांढरं कर्ण्यासारखं फूल उमलतं, गंध सुटतो आणि लांब सोंडेचे पतंग हवेत एका जागी तरंगत मध पितात. खोल फुलाच्या तळाशी पोचेल अशी सोंड असलेल्यालाच इथे जेवण.

म्हणजे महादेवाच्या पूजेची टोपली ही परागण करणाऱ्यांच्या बागेची अर्धी यादीच झाली. आपण अशी बाग लावायला निघतो तेव्हा मात्र नेमकी उलटी चूक करतो. रंगीत फुलांची रोपं आणतो आणि फुलपाखरांची वाट बघत बसतो. ती येतात, मध पितात, निघून जातात. फूल म्हणजे त्यांची खानावळ. बाळंतपणाला मात्र माहेरच लागतं. आणि प्रत्येक जातीचं माहेर ठरलेलं. पिवळसर-पांढऱ्या भटक्या फुलपाखरांचं बहाव्यावर, शेपटीच्या हिरव्या ठिपकेवाल्याचं सीताफळावर आणि खोट्या अशोकावर. २०१५ साली महाराष्ट्राने नीलवंताला, म्हणजे ‘ब्लू मॉरमॉन’ला, राज्य फुलपाखराचा मान दिला. त्याचंही माहेर लिंबाच्याच कुळात. चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबाच्या बफर क्षेत्रात आगरझरीला फुलपाखरू उद्यान आहे. तिथे गेलात, तर फुलांइतकंच कुरतडलेल्या पानांकडेही लक्ष द्या.

हा सगळा खटाटोप केवळ डोळ्यांच्या सुखासाठी नाही. सपुष्प वनस्पतींपैकी सुमारे ८७ टक्के जाती परागणासाठी कुठल्या ना कुठल्या प्राण्याची मदत घेतात. वाडीतलं वांगंच घ्या. त्याच्या फुलात मध नसतो आणि पराग पिवळ्या नळ्यांत कोंडलेला असतो. नळीच्या टोकाला बारीक छिद्र. भुंगा फुलाला लटकतो आणि पंख न हलवता अंगाचे स्नायू थरथरवतो. भुर्रर्र आवाज होतो आणि मिठाच्या डबीतून मीठ सांडावं तसा पराग गळतो. सातेरी किंवा आग्या मोहोळाच्या माशीला ही कला येत नाही. ती येते भुंग्याला आणि पोटावर निळे पट्टे असलेल्या एकट्या राहणाऱ्या माशीला. तिचं घर मातीतल्या बिळात, भुंग्याचं वाळक्या लाकडात. अंगण सगळं फरशीने मढवलं आणि वाळकी फांदी सरपणाला गेली, तर दोघंही बेघर होतात.

नदीकाठच्या ओल्या वाळूवर फुलपाखरांचे थवे सोंडा टेकून बसलेले दिसतात, तेही पाण्यासाठी नव्हे, क्षारांसाठी. त्यांत बहुतेक नर. हे मीठ ते मीलनाच्या वेळी मादीला देतात आणि ते पुढे अंड्यांना मिळतं. म्हणून बागेत एका पसरट भांड्यात माती, वाळू आणि चिमूटभर मीठ घालून ती ओली ठेवावी.

बाकी कृती सोपी आहे. मृगाचा पाऊस पडला की एक कढीपत्ता किंवा लिंबू लावा. जागा असेल तर बेल. कुंपणाला रुई येऊ द्या, पण तिचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. धोतरा विषारी आहे, तो लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असाच ठेवा. तुळशीच्या थोड्या मंजिऱ्या खुडू नका, माश्यांना हव्या असतात. झेंडू गावठी, सुट्या पाकळ्यांचा लावा. भरगच्च संकरित फुलांत मधापर्यंत वाट सापडत नाही. हातभर जमीन उघडी ठेवा. कीटकनाशक मात्र अजिबात नको. ते अळी आणि कीड असा भेद करत नाही.

आणि मग एक दिवस बेलाचं पान कुरतडलेलं दिसेल. वाईट वाटून घेऊ नका, अळी शोधून चिरडू तर नकाच. अखंड पानं देवाला वाहा. भोकाची फुलपाखरांसाठी झाडावरच राहू द्या.