फोटो पुण्यातला, खूण हैतीत

पुण्यात काढलेला फोटो नकाशावर भलत्याच देशात दिसला, की आपण फोनला बोल लावतो. पुष्कळदा दोष फोटो उघडणाऱ्या सॉफ्टवेअरचा असतो.

गैरसमज : जागा चुकली म्हणजे जीपीएस चुकलं.

वस्तुस्थिती : फोटोच्या फाइलमध्ये एक्झिफ नावाची नोंद असते. तिच्यात अक्षांश-रेखांशाचे अंश, मिनिटं, सेकंद एका रकान्यात असतात आणि दिशेचं अक्षर दुसऱ्या. पुणे साधारण १८.५२ उत्तर, ७३.८६ पूर्व. पूर्वेचं अक्षर गळालं आणि सॉफ्टवेअरने परस्पर पश्चिम धरली, की खूण पडते हैतीच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पावर, पेस्तेल गावाच्या आसपास. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली, तर नॉर्वेच्या उत्तरेला बेअर आयलंडजवळच्या समुद्रात. अक्षांश ९० आणि रेखांश १८० अंशांच्या आत आहे ना, एवढंच तपासून यातली एकही चूक सापडत नाही. अक्षर नसेल तर सॉफ्टवेअरने दिशा गृहीत धरू नये. ‘दिशेची नोंद नाही’ असं स्पष्ट लिहावं.

गैरसमज : आकडा शून्य, म्हणजे जागेची नोंदच नाही.

वस्तुस्थिती : शून्य हाही खरा आकडा आहे. विषुववृत्त केनिया, युगांडा, इक्वेडोरमधून जातं. शून्य रेखांश लंडनच्या ग्रिनिचमधून. (तिथल्या वेधशाळेतल्या प्रसिद्ध रेघेवर उभं राहिलं तर जीपीएस शून्य दाखवत नाही. त्याचं शून्य तिथून सुमारे १०२ मीटर पूर्वेला, बागेत आहे.) दोनपैकी एक आकडा शून्य दिसताच नोंद फेटाळणारं ॲप तिथले खरे फोटो गमावतं.

दोन्ही शून्य असतील तर मात्र संशय घ्यावाच. ते ठिकाण आफ्रिकेजवळ, गिनीच्या आखातात आहे. अँड्रॉइड १० पासून, जागा पाहण्याची परवानगी नसलेल्या ॲपला फोटो देताना यंत्रणा जागेच्या नोंदीवर शून्यं भरून देते. अपूर्णांकांत लिहिलेल्या त्या आकड्यांचा अंशही शून्य, छेदही शून्य! शून्याने भागून काहीच निघत नाही, पण ढिसाळ ॲप त्याचं ‘०, ०’ करतं आणि लग्नाचा अख्खा अल्बम समुद्रात जातो. इथे ‘जागा पाहण्याची परवानगी नाही’ एवढं सांगितलं तरी पुरे.

गैरसमज : बिघडलेली नोंद दाखवूच नये.

वस्तुस्थिती : मला सगळ्यात घातक वाटतो तो हाच समज. जागेचा रकाना कोरा दिसला, की माणूस निर्धास्तपणे फोटो सगळीकडे पाठवतो. फोटो घरी काढलेला असेल, तर दिशेचं अक्षर गळालेल्या नोंदीत घराचे आकडे मात्र शाबूत असतात, आणि ते वाचून घर शोधणं मुळीच अवघड नाही. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून ही नोंद गळते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर आकडे जसेच्या तसे पुढे जातात.

म्हणून ‘नोंद नाही’ आणि ‘नोंद आहे, पण चुकीची’ हे दोन वेगळे शेरे हवेत. दुसऱ्या शेऱ्यासोबत मूळ आकडे आणि चुकीचं कारण दिसावं, नकाशावर खूण टाकू नये, आणि असे सगळे फोटो एकत्र शोधता यावेत. दुरुस्ती वापरणाऱ्याने सांगितल्यावरच करावी, तीही मूळ फाइलला हात न लावता फोटोची माहिती वेगळी साठवणाऱ्या, शेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये. नोंद कायमची पुसायची असेल, तर त्यासाठी वेगळं बटण द्यावं.