एक लाख हिट्स, पण माणसं किती?

नागपुरात बर्डीवरचं साड्यांचं दुकान असो की धरमपेठेतला कोचिंग क्लास, वेबसाइट काढली की महिनाअखेर एक अहवाल हाती येतो. आकडे भारदस्त, आलेख चढता, मालक खूश. पण त्या आकड्यांच्या पोटात भलत्याच गमती दडलेल्या असतात.

सगळ्यात फुगीर आकडा हिट्सचा. हिट म्हणजे सर्व्हरकडे गेलेली एका फाइलची मागणी. पानावर 40 फोटो असतील, तर एका माणसानं पहिल्यांदा पान उघडताच निदान 41 हिट्स पडतात. तर्री पोह्याच्या गाडीवर पोहे, तर्री, चणे, कांदा आणि लिंबू वेगवेगळे मोजून एकाच गिऱ्हाइकाची पाच गिऱ्हाइकं करण्यासारखंच हे. त्यापेक्षा पेज व्ह्यू बरा, तो निदान पानं मोजतो. तरी कुणी चारदा रिफ्रेश मारलं की तेही चार व्ह्यू.

सेशन म्हणजे भेट. गूगल अ‍ॅनालिटिक्सच्या हिशेबात 30 मिनिटं काहीच हालचाल झाली नाही, की भेट संपते. सकाळी दहाला पैठण्यांचं पान उघडलं, तसंच सोडून चहाला गेलात, पाऊण तासानं परतून पुढचं पान पाहिलं, तर भेटी झाल्या दोन. ही मुदत वाढवता येते, पण 7 तास 55 मिनिटांपर्यंतच. पूर्ण आठ तास का नाहीत, ते गूगललाच ठाऊक!

आता युजर. हा आकडा माणसांचा वाटतो, पण बहुतेक वेळा मोजला जातो ब्राउझर, त्यात ठेवलेल्या कुकीवरून. सकाळी मोबाइलवर आणि दुपारी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तेच पान पाहणारे काका लॉगिन नसताना दोन युजर ठरतात. उलट घरात एकच फोन असेल, तर आजीपासून नातवापर्यंत सगळे मिळून एकच. सफारी तर पानावरच्या स्क्रिप्टनं ठेवलेली कुकी सात दिवसांत पुसते. म्हणजे पंधरवड्यानं येणारं जुनं गिऱ्हाईक दर वेळी नवं कोरं.

सगळ्यात मजेशीर भानगड घड्याळाची. अहवालाची वेळ निवडताना लक्ष दिलं नाही, तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचं घड्याळ तसंच राहून जातं. मग उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचे साडेबारा वाजले की तारीख बदलते, हिवाळ्यात दीडला. बारावीचा निकाल 2025 मध्ये 5 मे रोजी दुपारी एकला लागला. असं घड्याळ असलेल्या एखाद्या क्लासच्या साइटवर त्या दुपारची झुंबड रात्री साडेबाराची म्हणून नोंदली जाईल, आणि सकाळपासूनची धाकधूक थेट 4 मेच्या खात्यात जाईल.

शहराचंही तेच. आयपी पत्त्यावरून गाव ओळखणं म्हणजे अंदाजपंचे. झिरो माइलच्या खांबाला टेकून पान उघडणारा माणूस अहवालात मुंबईकर निघू शकतो.

जुन्या गूगल अ‍ॅनालिटिक्सचा एक अन्याय मात्र खरोखर भारी होता. एकच पान वीस मिनिटं मन लावून वाचलं आणि बंद केलं, तर वेळ लागायची शून्य सेकंद, शिवाय वर बाउन्सचा शिक्का! पुढची क्लिकच नाही, तर मोजणार कशावरून? त्या आवृत्तीनं 1 जुलै 2023 पासून नेहमीच्या साइट्सची मोजणी थांबवली. नव्या आवृत्तीत 10 सेकंदांपेक्षा जास्त टिकलात, तरी भेट गुंतलेली धरतात. दहा सेकंदांत पैठणीचा काठही नीट दिसत नाही, पण शून्यापेक्षा बरं.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरून आलेली मंडळी बरेचदा 'डायरेक्ट' या रकान्यात जमा होतात, कारण लिंकबरोबर पाठवणाऱ्याचा पत्ता येत नाही. त्यावर उपाय म्हणून लिंकच्या शेपटीला 'यूटीएम' जोडतात. यातला 'यू' अर्चिनचा. गूगलनं 2005 मध्ये विकत घेतलेल्या या कंपनीच्या सॉफ्टवेअरवरच गूगल अ‍ॅनालिटिक्स उभं राहिलं. कंपनीचं नाव गेलं, आद्याक्षर राहिलं.

दुसऱ्याच्या साइटचे असे आकडे सहसा पाहायला मिळत नाहीत, पण विकिपीडिया सगळं उघड्यावर मांडतो. मराठी विकिपीडियाच्या कुठल्याही लेखाचे जुलै 2015 पासूनचे रोजचे पेज व्ह्यू 'पेजव्ह्यूज' या साधनात फुकट दिसतात, लॉगिनही लागत नाही. माणसं आणि बॉट तिथं वेगळे काढता येतात. अनोख्या वाचकांचा आकडा देताना तर विकिपीडिया सरळ 'युनिक डिव्हाइस' म्हणतो, माणसं मोजल्याचा आव आणत नाही. आम्हाला हा प्रामाणिकपणा आवडतो.

'दीक्षाभूमी' हा लेख टाका, दसऱ्याच्या आसपासचे दिवस निवडा आणि आलेख स्वतःच बघा. फक्त एवढं ध्यानात असू द्या, की तिथला दिवस आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो.