होमर संगणकात कसा शिरला?
१९७२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या शाखेत एक अचाट काम सुरू झालं: होमरपासूनचं प्राचीन ग्रीक साहित्य संगणकात भरायचं. अडचण लिपीची. तेव्हाच्या यंत्रांना रोमन अक्षरांपलीकडे फारसं काही कळत नसे. मग अभिजात भाषांचे अभ्यासक डेव्हिड पॅकार्ड यांनी ‘बीटा कोड’ काढला. छोट्या ओमेगासाठी डब्ल्यू, कारण दिसायला सारखा, ईटासाठी एच, स्वराघाताला तिरकी रेघ, ‘ह’काराच्या खुणेला चक्क कंस! दिसायला बोजड, पण युक्ती नामी. साध्या कळफलकावरचीच चिन्हं असल्यानं यंत्रं बदलली तरी मजकूर टिकला, पुढे युनिकोडमध्येही आणता आला. आज या संग्रहात, म्हणजे ‘थिसॉरस लिंग्वे ग्रेके’त, ११ कोटींच्या आसपास शब्द आहेत. पूर्ण संग्रहाला वर्गणी पडते. टफ्ट्स विद्यापीठाचं ‘पर्सियस’ ग्रंथालय मात्र फुकट आहे, इंग्रजी भाषांतरांसह. तिथूनच सुरुवात करा.