समुद्र नऊशे किलोमीटरवर, तरी झिंग्यात करिअर?

भंडाऱ्याच्या पोराने ‘मला मरीन बायोलॉजी करायचंय’ असं घरी सांगितलं, की पहिला प्रश्न ठरलेला: ‘अरे, पण आपल्याकडे समुद्र कुठाय?’ प्रश्न रास्त आहे. भंडारा रोड स्टेशनवरून मुंबई गाठायची तर रेल्वेने जवळपास ९०० किलोमीटर. पण दोस्तांनो, हाच प्रश्न जरा उलटा करून बघा. आपल्याकडे समुद्र नाही, मग काय आहे? वैनगंगा आहे, पवनी तालुक्यातलं गोसीखुर्द धरण आहे, गावागावांत बोड्या आहेत आणि भंडाऱ्याला ‘तलावांचा जिल्हा’ हे नाव मिळवून देणारे मालगुजारी तलाव, म्हणजे आपले मामा तलाव आहेत. पूर्व विदर्भातल्या चार जिल्ह्यांत मिळून असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत. गोंड राजवटीत कोहळी समाजाने त्यातले कितीतरी बांधले. धानाला पाणी मिळावं म्हणून ते बांधले, पण ढिवर समाजाचं पोट पिढ्यान् पिढ्या त्याच पाण्यातल्या मासळीवर चाललं.

या पाण्यात झिंगा आहे, शिंपला आहे, खेकडा आहे. इंग्रजी पुस्तकं ज्याला शेलफिश म्हणतात, ते कवचाचे जीव हेच. त्यांच्याभोवती शिक्षण, नोकऱ्या, संशोधन आणि धंदा असं मोठं जग उभं आहे. त्यातलं खरं काय आणि फुगा किती, ते आज बघू.

झिंगा गोड्या पाण्यातला, जन्म खाऱ्या पाण्यात

आधी थोडं झूलॉजी. तळ्यात वाढवला जाणारा मोठा झिंगा म्हणजे मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी. बाजारात त्यालाच ‘स्कॅम्पी’ म्हणतात. निळ्या लांब नांग्यांचा नर एकदा पाहिला की विसरत नाही. हा प्राणी आयुष्य गोड्या पाण्यात काढतो, पण त्याची पिल्लं गोड्या पाण्यात जगत नाहीत. मादी पोटाखाली अंडी घेऊन नदीच्या मुखाकडे, मचूळ पाण्यात उतरते. अंड्यातून निघालेल्या अळ्या तिथे एकामागून एक अकरा अवस्था पार करतात. साधारण महिनाभरात त्यांचा इवलासा झिंगा होतो आणि मग तो उलटा पोहत गोड्या पाण्याकडे निघतो.

आता याचा नोकरीशी संबंध काय? सगळा संबंध इथेच आहे. भंडाऱ्याच्या तळ्यात झिंग्याचं बी सोडायचं, तर ते कुणीतरी हॅचरीत तयार करावं लागतं. तिथे समुद्राच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश इतका खारेपणा दिवसरात्र राखावा लागतो. अळ्यांना आर्टेमिया नावाचा सूक्ष्म जीव उबवून खाऊ घालावा लागतो. रात्री दोनला हवेचा पंप बंद पडला, तर सकाळपर्यंत टाकी रिकामी. हे काम करतो तो हॅचरी टेक्निशियन. अनुभवी आणि भरवशाचा माणूस या कामाला सहज मिळत नाही.

पुढचं काम तळ्यावरचं. झिंगा वाढताना कात टाकतो आणि कात टाकल्यावर काही तास तो मऊ असतो. तेवढ्यात शेजारचे झिंगेच त्याला खातात. म्हणून तळ्यात लपायला जागा करावी लागते, खाद्य वेळेवर द्यावं लागतं. एकाच दिवशी सोडलेलं बी सारखं वाढतही नाही. काही नर दांडगे होतात, बाकीचे खुरटतात, आणि भाव मात्र आकारावर मिळतो. त्यात आपली थंडी. झिंग्याला मानवतं ते २६ ते ३१ अंशांचं पाणी. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे त्याची वाढ मंदावते. त्यामुळे बी कधी सोडायचं आणि जाळं कधी टाकायचं, याचं गणित आंध्रचं वेगळं आणि साकोली-लाखनीचं वेगळं. ते गणित बसवणारा माणूस इथलाच असायला हवा.

शिक्षण: दारं तीन, वाटा वेगळ्या

दहावी-बारावीनंतर थेट कामाला लागायचं असेल, तर कोचीच्या सिफनेट या केंद्रीय संस्थेकडे बघा. तिथे मासेमारी जहाजावर नेव्हिगेटर किंवा इंजिन फिटर होण्याचे अभ्यासक्रम आहेत. त्यासाठी दहावीला गणित आणि विज्ञान लागतं. झिंग्यापेक्षा हे काम जहाजाचं जास्त आहे, पण समुद्राचीच ओढ असेल तर हा सरळ रस्ता.

बारावी सायन्स, बायोलॉजीसह झाली असेल, तर सगळ्यात थेट पदवी म्हणजे बी.एफ.एससी., म्हणजेच मत्स्यविज्ञान पदवी. अभ्यासक्रम चार वर्षांचा. त्यासाठी रत्नागिरीलाच जावं लागतं, हा आपल्याकडचा जुना गैरसमज आहे. रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय नामांकित आहेच, पण महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय नागपुरात आहे, म्हणजे भंडाऱ्याहून एसटीने दोन तासांच्या आत. याच विद्यापीठाचं दुसरं मत्स्य महाविद्यालय लातूर जिल्ह्यात उदगीरला आहे. प्रवेशाचे नियम त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात नीट वाचा, कोचिंगवाल्याच्या तोंडी माहितीवर विसंबू नका.

बी.एफ.एससी.नंतरचं मोठं नाव म्हणजे मुंबईत वर्सोव्याला असलेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, म्हणजे सीआयएफई. १९६१ साली सुरू झालेली ही संस्था १९८९ पासून अभिमत विद्यापीठ आहे. इथे पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी. होते. प्रवेश राष्ट्रीय परीक्षेतून मिळतो, त्यामुळे तयारी तिसऱ्या वर्षापासूनच हवी.

आणि तुम्ही आत्ताच बी.एससी. झूलॉजीला असाल तर? दार बंद नाही, पण वाट वेगळी आहे. एम.एफ.एससी.ला बहुतेक ठिकाणी बी.एफ.एससी.च लागते. तुमच्यासाठी एम.एससी. झूलॉजी किंवा थेट एम.एससी. मरीन बायोलॉजी. गोवा विद्यापीठात सागरी विज्ञानाचं शिक्षण आहे, कोचीला कुसाट आणि केरळचं मत्स्य विद्यापीठ आहे. त्यानंतर नेट-जेआरएफ आणि संशोधन. बायोटेक, केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजीवाल्यांनाही जागा आहे, कारण पाण्याची तपासणी, रोगनिदान आणि खाद्य ही त्यांचीच कामं.

नोकऱ्या कुठे असतात?

भारताच्या समुद्री उत्पादनांच्या निर्यातीत गोठवलेली कोळंबी एक नंबरवर आहे. २०२३-२४ मध्ये एकूण निर्यात ६० हजार कोटी रुपयांच्या वर होती आणि त्यातला साधारण दोन तृतीयांश पैसा एकट्या कोळंबीचा. ही मुख्यतः व्हॅनामेई जातीची कोळंबी, मूळची पॅसिफिक किनाऱ्यावरची. २००९ पासून तिची शेती भारतात रुजली. नोकऱ्याही तिच्यामागे गेल्या: हॅचरी, फार्म टेक्निशियन, खाद्य कंपन्यांचे फील्डवाले, रोगतपासणीच्या पीसीआर लॅब, प्रक्रिया कारखान्यातलं क्वालिटी कंट्रोल.

यातल्या बहुतेक नोकऱ्या आंध्र, गुजरात, तामिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावर आहेत. सुरुवातीला पगार बेताचा असतो, राहणं तळ्याकाठच्या खोलीत आणि ड्युटी रात्रीचीही असते. २०२५ मध्ये अमेरिकेने आयातशुल्क वाढवलं, तेव्हा सगळ्यात आधी घाम फुटला तो याच धंद्याला, कारण आपली सर्वाधिक कोळंबी तिकडेच जात होती. एका गिऱ्हाइकावर उभा असलेला धंदा हलतो, तेव्हा फार्मवरचा नवखा टेक्निशियनही हलतो. हे माहीत असलेलं बरं.

सरकारी बाजूला राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग आहे. जिल्ह्याला कार्यालय असतं आणि अधिकाऱ्यांची भरती जाहिरातीने होते. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा द्यायचा निर्णय घेतला. केंद्राच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत तळं, हॅचरी, खाद्य यांसाठी सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली. पण अनुदान म्हणजे नफा नव्हे. उरलेले पैसे तुमचेच जातात, आणि मेलेल्या झिंग्याला अनुदान नसतं.

संशोधन: प्रश्न घराजवळच आहे

‘मरीन रिसर्च’ म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे जहाज आणि डायव्हिंग सूट येतो. तेही आहे. गोव्यात दोना पावलाची राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था १९६६ पासून काम करते. कोचीची सीएमएफआरआय १९४७ ची, तिचं केंद्र मुंबईतही आहे. हैदराबादची इन्कॉइस संस्था तर समुद्रापासून दूर बसून मच्छीमारांना मासळीचे अंदाज देते. तिथे संगणक आणि गणितवाल्यांना काम आहे. या संस्थांत पहिली पायरी बहुधा प्रोजेक्टवरची कंत्राटी जागा असते. कायम शास्त्रज्ञ व्हायला पुढे बरीच वर्षं, पीएच.डी. आणि कठीण परीक्षा. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

पण चांगला संशोधनप्रश्न आपल्या दारातही आहे. नागपूरची नाग नदी शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात थांबतं. आता शिंपला आठवा. शिंपला पाणी गाळून खातो. पाण्यात जे असेल, जड धातूसुद्धा, ते त्याच्या अंगात साठत जातं. म्हणून शिंपल्यांवरून पाण्याची तब्येत तपासायची पद्धत जगभर वापरतात. अमेरिकी शास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये समुद्रकिनाऱ्यांसाठी ‘मसल वॉच’ ही कल्पना मांडली. तीच कल्पना नदीवर लावता येते. पवनीच्या वरचा शिंपला, खालचा शिंपला आणि एखाद्या स्वच्छ मामा तलावातला शिंपला यांची तुलना हा एम.एससी.चा नुसता प्रोजेक्ट नाही, त्या पाण्यातला मासा खाणाऱ्यांच्या ताटाचा प्रश्न आहे.

झिंग्यातही असंच. २००० नंतरच्या दशकात भारतातली स्कॅम्पीची शेती भरभराटीला येऊन कोसळली. कारणं दोन: रोग, आणि एकाच रक्तातलं वापरून वापरून कमजोर झालेलं बी. त्यावर भुवनेश्वरच्या सीफा या गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या केंद्रीय संस्थेने अनेक पिढ्या निवड करत सुधारित वाण तयार केला, त्याचं नाव ‘सीफा-जीआय स्कॅम्पी’. हे काम करणारे शास्त्रज्ञ समुद्राच्या नाही, तळ्याच्या काठावर बसले होते.

मोत्यांच्या मोहात पडण्याआधी

‘घरबसल्या मोत्यांची शेती, लाखोंचं उत्पन्न’ अशी रील तुमच्याही फोनवर आली असेल. विज्ञान खोटं नाही. आपल्या तलावात मिळणाऱ्या शिंपल्यात छोटी शस्त्रक्रिया करून केंद्रक ठेवलं, तर साधारण वर्ष-दीड वर्षात मोती मिळतो, आणि सीफा याचं प्रशिक्षणही देते. घोळ आहे तो पुढे. शस्त्रक्रियेनंतर बरेच शिंपले मरतात, निघालेल्या मोत्यांत वरच्या प्रतीचे थोडे, आणि बाजारात स्वस्त चिनी मोत्यांशी गाठ. म्हणून ‘आम्हीच शिंपले देऊ, आम्हीच मोती विकत घेऊ’ असा करार घेऊन कुणी आला तर तीन प्रश्न विचारा. मागच्या दोन वर्षांत कुणाकडून मोती घेतले? काय भावाने? त्यांना फोन लावू का? उत्तरं मिळेपर्यंत बापाच्या धानाचे पैसे खिशातून काढू नका.

तळ्यावर तुमच्या आधीपासून कुणी आहे

डिग्री घेऊन परत आलात आणि तलाव घ्यायचा म्हटलं, तर कळेल की बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे लीजवर आहेत, आणि ते बरोबरच आहे. त्या पाण्यावर ढिवरांचा हक्क जुना आहे, ज्ञानही जुनं. कोणत्या गवतात कोणता मासा अंडी घालतो, हे त्यांना पाठ आहे. याच भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मनीष राजनकर यांच्या पुढाकाराने ढिवरांसोबत तलाव पुन्हा जिवंत करायचं काम केलं. बेशरम उपटली, स्थानिक पाणवनस्पती लावल्या, देशी मासे परत आणले. त्यात महिला बचत गट पुढे होते. वनस्पतींची यादी कुठल्या विद्यापीठातून आली नव्हती, ती गावातल्या जाणत्यांकडे होती.

म्हणजे तुमची डिग्री तळ्याची मालक नाही, सोबती आहे. संस्थेला पाणी तपासणारा, बियाची खात्री करणारा, प्रकल्प अहवाल लिहिणारा, बाजार शोधणारा पोरगा किंवा पोरगी हवीच आहे. आणि तुम्ही स्वतः ढिवराच्या घरातले असाल, तर दोन्ही ज्ञानं एका डोक्यात असण्याचा फायदा इतर कुणाला नाही.

या महिन्यात एवढं करा

• जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात जा. कोणत्या तलावात झिंग्याचं बी सोडलं जातं ते विचारा.

• एका मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षांना भेटा आणि जाळं टाकायच्या दिवशी पहाटे तिथे हजर राहा. पाण्यात उतरायला नको वाटलं, तर हे क्षेत्र तुमचं नाही. तेही आत्ताच कळलेलं चांगलं.

• नागपूरच्या मत्स्य महाविद्यालयात एक दिवस घालवा. प्राध्यापकांपेक्षा शेवटच्या वर्षाच्या मुलांशी बोला. मागच्या बॅचचे लोक कुठे लागले, ते तीच खरं सांगतील.

• बी.एससी.ला असाल तर पाण्याचा पीएच, विरघळलेला ऑक्सिजन आणि अमोनिया मोजायला शिका. कॉलेजच्या लॅबमध्ये बहुतेक साहित्य असतंच. गावच्या तलावाच्या सहा महिन्यांच्या नोंदी वहीत ठेवल्यात, तर मुलाखतीत दाखवायला सर्टिफिकेटपेक्षा ती वही जास्त कामाची.

• घरी पुन्हा विचारतील, ‘समुद्र कुठाय?’ तेव्हा त्यांना हॅचरीतल्या मिठाच्या पाण्याची गोष्ट सांगा. आपल्या तलावातला झिंगा तिथूनच येतो.