कुलूप अडकलं तरी किल्ली जपा

एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरवर डबल क्लिक करावं, खिडकी अर्धवट उघडून पांढरी पडावी आणि वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ अशी पाटी यावी. ज्यांनी अशिलांची कागदपत्रं, रुग्णांचे अहवाल किंवा पगाराच्या फायली कूटबद्ध करून ठेवल्या आहेत, त्यांच्या पोटात गोळा यायला एवढं पुरतं. मग ऑफिसातला संगणकातला जाणकार नेहमीचा तोडगा सांगतो, ‘अनइन्स्टॉल कर, सगळं साफ कर आणि पुन्हा टाक.’ ब्राउझर बिघडला असेल तर हा तोडगा खपून जातो. एन्क्रिप्शनच्या बाबतीत मात्र त्यातलं ‘सगळं साफ कर’ फार महागात पडू शकतं.

प्रोग्रॅम कुठूनही पुन्हा उतरवून घेता येतो, किल्ली उतरवून घेता येत नाही. फायली आणि डिस्क कूटबद्ध करणाऱ्या व्हेराक्रिप्टमध्ये खरी किल्ली कूटबद्ध फाइलीच्या अगदी सुरुवातीच्या भागात, म्हणजे हेडरमध्ये, तुमच्या पासवर्डाने बंद केलेली असते. त्याची एक राखीव प्रत फाइलीच्या शेवटी असते. ईमेल आणि फायली कूटबद्ध करणाऱ्या क्लिओपात्रामध्ये खाजगी किल्ल्या ‘ॲपडेटा’खालच्या ‘रोमिंग’मधल्या ‘जीएनयूपीजी’ नावाच्या फोल्डरात राहतात. साधं अनइन्स्टॉल केलं तर हे फोल्डर जागेवरच राहतं, पण उरलेसुरले अवशेष पुसणारे ‘क्लीनर’ प्रोग्रॅम त्यावरही झाडू फिरवू शकतात. हँग झालेला असतो प्रोग्रॅम. किल्ली बहुतेक वेळा शाबूत असते आणि तिला धक्का लागतो तो आपल्याच घाईने.

पाटी कोण लावतं?

‘नॉट रिस्पॉन्डिंग’ ही पाटी तो प्रोग्रॅम लावत नाही, विंडोज लावतं. एखाद्या खिडकीने सुमारे ५ सेकंद माउस-कीबोर्डच्या निरोपांची दखल घेतली नाही की विंडोज तिला बेशुद्ध ठरवतं आणि तिच्या जागी तिची पांढरट प्रतिमा उभी करतं. प्रोग्रॅम आतून मान मोडून काम करत असेल, तरीही ही पाटी लागू शकते.

म्हणून आधी टास्क मॅनेजर उघडा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की तो येतो. अडकलेल्या प्रोग्रॅमसमोरचा सीपीयूचा आकडा हलत असेल, तर काम चालू आहे, थांबा. आकडा शून्यावर चिकटून असेल, तर प्रोग्रॅम कशाची तरी वाट पाहतोय. कशाची, तेही बऱ्याचदा कळतं. ‘डिटेल्स’ या टॅबमध्ये त्या नावावर राइट क्लिक करून ‘ॲनालाइज वेट चेन’ निवडलं, की तो दुसऱ्या एखाद्या प्रोसेससाठी खोळंबला असल्यास तिचं नाव दिसतं. पुढचा सगळा तपास ‘वाट कोणाची?’ या एका प्रश्नाभोवती फिरतो.

व्हेराक्रिप्टचा हिशेब

ट्रूक्रिप्ट या अशाच जुन्या प्रोग्रॅमचं काम मे २०१४ मध्ये अचानक थांबलं आणि त्याची जागा पुढे व्हेराक्रिप्टने घेतली. पासवर्ड ओळखू पाहणाऱ्याचं काम जड व्हावं म्हणून पासवर्डावर एक गणिती क्रिया पुन्हा पुन्हा करतात. ट्रूक्रिप्ट ती हजार-दोन हजार वेळा करायचं. व्हेराक्रिप्टमध्ये साध्या कूटबद्ध फाइलीसाठी ठरलेला आकडा ५ लाखांचा आहे. शिवाय फाइल कोणत्या हॅश पद्धतीने बनवली हे सांगितलं नसेल, तर ते एकेक पद्धत लावून पाहतं. त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर काही सेकंद लागणारच, आणि सगळ्यात जास्त वेळ लागतो तो पासवर्ड चुकल्यावर, कारण ‘चूक’ म्हणण्यापूर्वी त्याला सगळे पर्याय संपवावे लागतात. पासवर्डाच्या चौकटीत नेमकी हॅश पद्धत निवडली तर हा खोळंबा बराच कमी होतो. ही क्रिया किती वेळा करायची ते ठरवणारा ‘पीआयएम’चा आकडा कोणी हौसेने वाढवून ठेवला असेल, तर उशीर त्याच प्रमाणात वाढतो.

लॉगिन होताच व्हेराक्रिप्ट अडकत असेल, तर ‘फेव्हरिट’ यादी तपासा. तिथे ‘लॉगिनच्या वेळी जोडा’ अशी खूण केलेली एखादी फाइल ऑफिसच्या सर्व्हरवर किंवा घरी राहिलेल्या हार्ड डिस्कवर असते आणि संगणक तो पत्ता शोधत बसतो. खूण काढा, संगणक पुन्हा सुरू करा.

एक गोष्ट हँग होण्यासारखी वाटते, पण वेगळी आहे. २०२३ मध्ये आलेल्या १.२६ या मालिकेपासून व्हेराक्रिप्टने जुन्या ट्रूक्रिप्ट फायली उघडणं बंद केलं. बरोबर पासवर्ड देऊनही नकार येतो आणि माणूस स्वतःच्या स्मरणशक्तीवर शंका घेऊ लागतो. अशा फायलींसाठी १.२५.९ ही आवृत्ती लागते.

क्लिओपात्रा आणि यूएसबी टोकन

जर्मनीच्या माहिती-सुरक्षा खात्याच्या पुढाकाराने तयार झालेल्या जीपीजी-फॉर-विन या संचातला दर्शनी प्रोग्रॅम म्हणजे क्लिओपात्रा. तो एकटा चालत नाही. पडद्यामागे ‘जीपीजी-एजंट’ किल्ल्या सांभाळतो आणि ‘एससीडेमन’ स्मार्टकार्डांशी बोलतो. सुरू होताना क्लिओपात्रा या सगळ्यांची हजेरी घेतो. एकाने उत्तर दिलं नाही, तर खिडकी अडते.

आता एखाद्या सीएच्या ऑफिसातलं टेबल पाहा. प्लास्टिकच्या डब्यात अशिलांच्या नावांच्या चिठ्ठ्या लावलेली डिजिटल सहीची टोकनं, त्यातलं एक यूएसबीत खोचलेलं, आणि त्याच संगणकावर बँकेला पाठवायची पगाराची फाइल कूटबद्ध करायची आहे. टोकन हेही स्मार्टकार्डच. त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर त्याला धरून बसलेलं असतं आणि एससीडेमनही त्याचंच दार ठोठावतो. या ओढाताणीत क्लिओपात्रा अडकू शकतो. उपाय सोपा आहे. सगळी टोकनं आणि कार्ड-रीडर काढा, टास्क मॅनेजरमधून क्लिओपात्रा, जीपीजी-एजंट आणि एससीडेमन बंद करा आणि क्लिओपात्रा पुन्हा उघडा. तो सुरळीत उघडला, तर गुन्हेगार सापडला. मग एकेक टोकन लावून नेमकं कोणतं ते पाहा.

टोकन काढूनही उघडत नसेल, तर ‘लॉक’ फायलींचा संशय घ्यावा. एका वेळी एकानेच किल्ल्यांच्या नोंदवहीत लिहावं म्हणून जीपीजी अशा छोट्या फायली बनवतो आणि काम झालं की पुसतो. मधेच वीज गेली किंवा संगणक बटण दाबून बंद केला, की त्या तशाच राहतात आणि पुढच्या वेळी प्रोग्रॅमला वाटतं की आत कोणीतरी आहे. वर सांगितलेल्या प्रोसेस बंद करा, ‘कीबॉक्सडी’ दिसली तर तीही. ‘जीएनयूपीजी’ फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या आणि मगच त्या फोल्डरातल्या व पोटफोल्डरांतल्या, ज्यांच्या नावाचा शेवट ‘डॉट लॉक’ असा आहे, तेवढ्याच फायली काढा. बाकी कशालाही हात लावू नका.

विंडोजच दारात थांबलं तर

डिस्क कूटबद्ध करणारं विंडोजचं स्वतःचं बिटलॉकर अडलं, तर संगणक सुरू होण्याआधीच निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले आणि भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिसले. दुरुस्ती म्हणाल तर सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसण्याची होती, पण बिटलॉकर असलेल्या बहुतेक संगणकांत तिथवर पोचायलाच ते ४८ अंक लागत होते. मे २०२५ मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटनेही काही इंटेल संगणकांना याच पडद्यापाशी आणून सोडलं होतं.

विंडोज ११ च्या २०२४ मधल्या आवृत्तीपासून नव्याने इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं, की बहुतेक संगणकांत डिस्क आपोआप कूटबद्ध होते. म्हणजे कुलूप लागलंय हे मालकाला ठाऊकच नसतं. अशा वेळी की बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते. दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून खातं उघडा आणि पडद्यावरच्या की-आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवून पाहा. संगणक ऑफिसचा असेल, तर ती तिथल्या आयटी विभागाकडे असते.

हे मात्र करू नका

व्हेराक्रिप्टने कूटबद्ध केलेली हार्ड डिस्क जोडली की विंडोजला ती ओळखता येत नाही आणि ते ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारतं. उत्तर कायम ‘कॅन्सल’. कूटबद्धीकरण अर्ध्यावर असताना पॉवरचं बटण दाबून संगणक बंद करू नका. बायोस अपडेट करण्यापूर्वी बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा. आणि किल्लीची प्रत हातात असल्याशिवाय कोणालाही ‘क्लीन’ इन्स्टॉल करू देऊ नका, तो कितीही जाणकार असला तरी.

ही प्रत घ्यायची वेळ सगळं सुरळीत चालू असतानाच असते. क्लिओपात्रात आपल्या किल्लीवर राइट क्लिक करून ‘बॅकअप सीक्रेट कीज’ निवडा. व्हेराक्रिप्टच्या ‘टूल्स’मधून ‘बॅकअप व्हॉल्यूम हेडर’ करा. बिटलॉकरचे ४८ अंक कागदावर छापून घ्या. तिन्ही गोष्टी त्याच लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. घरात महत्त्वाची कागदपत्रं जिथे असतात तिथे ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे. ते आजच उरकून टाका.