रेटिंग ४.२ आहे, पण जेवण पैसे वसूल आहे का? चांगलं हॉटेल ओळखायचं कसं

रविवारी संध्याकाळी "आज बाहेर जेवू" असं घरात कुणीतरी म्हणतं आणि पुढचा अर्धा तास मोबाइलमध्ये जातो. एक जण मॅपवर रेटिंग बघतो, दुसऱ्याने एक रील सेव्ह करून ठेवलेली असते, तिसऱ्याला मित्राने सांगितलेलं नाव नेमकं आठवत नाही. शेवटी जिथे पार्किंग मिळेल तिथे सगळे शिरतात. चौघांचं बिल दोन हजारांच्या आसपास होतं आणि घरी येताना आई म्हणते, "यापेक्षा पिठलं-भात केला असता."

दोन हजार रुपये ही किरकोळ रक्कम नाही. रोज एक लिटर दूध घेणाऱ्या घराचं महिन्याचं दुधाचं बिल साधारण तेवढंच येतं. महिन्यातून एकदाच बाहेर जेवणाऱ्या कुटुंबाचं एक हॉटेल चुकलं, तर त्या महिन्याची हौसच वाया जाते. मग पैसे वसूल हॉटेल शोधायचं कसं?

आधी एक गोष्ट समजून घ्या

पैसे वसूल म्हणजे स्वस्त नव्हे. ८० रुपयांची मिसळ महाग पडू शकते आणि ६०० रुपयांची मटण थाळी स्वस्त वाटू शकते. जगप्रसिद्ध मिशलिन गाइडमध्येसुद्धा स्टार मिळालेली हॉटेलं वेगळी असतात आणि माफक दरात चांगलं जेवण देणारी वेगळी. त्या दुसऱ्या यादीला 'बिब गुरमाँ' म्हणतात आणि ती १९९७ पासून सुरू आहे. 'उत्तम काय' आणि 'दिलेल्या पैशांत उत्तम काय' हे दोन निराळे प्रश्न आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हॉटेलच्या धंद्यात दडलेलं असतं. काही हॉटेलं परत येणाऱ्या गिऱ्हाइकांवर चालतात. काही हॉटेलं एकदाच येणाऱ्यांवर चालतात, म्हणजे हायवेवरची, पर्यटनस्थळाजवळची किंवा रील बघून गर्दी होणारी. पहिल्या प्रकारच्या मालकाला आज भाजीत पाणी वाढवलं तर उद्या टेबल रिकामं राहील याची भीती असते. दुसऱ्याला ती नसते, कारण उद्या नवीन माणूस येणारच असतो. अपवाद दोन्हीकडे सापडतील, पण हॉटेल निवडताना शोधायचं ते हेच: इथे लोक दुसऱ्यांदा येतात का?

रेटिंगचा आकडा काय लपवतो?

समजा, दोन हॉटेलं आहेत आणि दोन्हींचं रेटिंग ४.२ आहे. पहिल्याला १०० जणांपैकी २० जणांनी पाच स्टार आणि ८० जणांनी चार स्टार दिलेत. दुसऱ्याला ८० जणांनी पाच आणि २० जणांनी एक स्टार दिलाय. सरासरी काढली तर दोन्हीकडे ४.२ च येते. पण पहिल्या हॉटेलात कुणाचीच निराशा झालेली नाही आणि दुसऱ्या हॉटेलात दर पाचवा माणूस वैतागून बाहेर पडलाय.

म्हणून आकड्याशेजारी दिसणाऱ्या पट्ट्या बघायच्या. एक स्टारची पट्टी लांब असेल तर ते रिव्ह्यू उघडून वाचायचे. 'पार्किंग नाही', 'वेटिंग खूप' अशा तक्रारी असतील तर जेवणाचा त्यात दोष नाही. पण 'शिळं', 'पोट बिघडलं', 'बिलात गडबड' हे शब्द पुन्हा पुन्हा दिसले तर पुढचं हॉटेल बघावं.

रिव्ह्यू सर्वात नवीन आधी अशा क्रमाने लावून वाचले तर आणखी फायदा होतो. आचारी सोडून जातो, मालक बदलतो, हॉटेल दुसऱ्याला चालवायला दिलं जातं. तीन वर्षांपूर्वी मिळालेले स्टार मात्र तसेच चिकटून राहतात. ताजे दोन-तीन महिने काय सांगतात, ते महत्त्वाचं.

खोटे रिव्ह्यू हा तर सरकारलाही मान्य असलेला प्रश्न आहे. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी 'आयएस १९००० : २०२२' हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक आहे. त्यामुळे गाळणी आपल्यालाच लावावी लागते. एकाच आठवड्यात आलेले वीस रिव्ह्यू, सगळ्यांत वेटरचं नाव आणि 'अमेझिंग फूड, अमेझिंग सर्व्हिस', असं दिसलं तर सावध व्हावं. याउलट 'भाकरी गरम होती, पण रस्सा त्या दिवशी जरा खारट होता' असं लिहिणारा माणूस बहुधा खरंच जेवून आलेला असतो.

रील बघून जायचं का?

जायला हरकत नाही, पण रील बनवणाऱ्याने बिल भरलंय का, हा प्रश्न विचारावा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सर मंडळींसाठी सूचना काढल्या. पैसे, फुकट वस्तू, सवलत किंवा भेट घेऊन कौतुक केलं असेल तर प्रेक्षकांना ते स्पष्ट कळलं पाहिजे, असं त्यात आहे. 'ॲड', 'स्पॉन्सर्ड' किंवा 'कोलॅब' असं लिहिलेलं असेल तर ती जाहिरात समजूनच बघावी.

रीलमधून एक गोष्ट मात्र मिळत नाही: प्रमाण. कॅमेरा ताटाच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे वाटीसुद्धा पातेल्याएवढी दिसते. त्यासाठी गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो बघावेत. टेबलावरचा ग्लास किंवा हात फोटोत असेल तर ताटाचा खरा आकार कळतो. मेनूकार्डाचा ताजा फोटो सापडला तर भावही आधीच समजतात.

गर्दी बघायची, पण कधी आणि कुणाची?

'गर्दी आहे म्हणजे चांगलं असणार' हे अर्धं खरं आहे. रविवारी रात्री सगळीकडेच रांग असते. खरी परीक्षा मंगळवारी दुपारी दीड वाजता होते. त्या वेळी आजूबाजूच्या दुकानांतले, बँकेतले, ऑफिसांतले लोक जेवत असतील, आणि वेटर त्यांना न विचारता नेहमीचं ताट आणून ठेवत असेल, तर हॉटेल परत येणाऱ्यांवर चाललंय असं समजावं.

या बाबतीत महाराष्ट्राला जुनी परंपरा आहे, ती म्हणजे खानावळ. मुंबईच्या गिरणगावात कामगार महिन्याचे पैसे देऊन जेवत. यातल्या अनेक खानावळी घरातूनच चालत आणि त्या बाया चालवत. याच बायांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. खानावळीचं गणित सोपं होतं. तेच माणूस रोज दोन वेळा जेवणार, म्हणून जेवण पोटाला झेपलं पाहिजे, पुरलं पाहिजे आणि महिनाअखेर परवडलं पाहिजे. यातलं एक जरी चुकलं तर पुढच्या महिन्यात माणूस शेजारच्या खानावळीत जाणार.

पुण्याच्या पेठांत, कोल्हापुरात, नाशिकमध्ये किंवा कुठल्याही कॉलेजच्या मागच्या गल्लीत आजही मेस आणि खानावळी आहेत. त्यांच्या रील क्वचितच बनतात. मुंबईत माटुंगा स्टेशनजवळचं 'रामा नायक' म्हणून ओळखलं जाणारं श्रीकृष्ण उडुपी बोर्डिंग १९४२ पासून केळीच्या पानावर जेवण वाढतंय, तेही याच हिशोबावर. नव्या शहरात राहायला गेलात तर रिक्षावाल्याला, औषधाच्या दुकानदाराला किंवा सोसायटीच्या वॉचमनला विचारून बघा. प्रश्न मात्र नीट विचारा. 'चांगलं हॉटेल कुठलं?' म्हटलं की लोक महागड्या हॉटेलचं नाव सांगतात. 'तुम्ही स्वतः कुठे जेवता?' असं विचारलं की खरं उत्तर मिळतं.

मेनूकार्ड बरंच काही सांगतं

चायनीज, पंजाबी, साउथ इंडियन, पिझ्झा आणि मालवणी हे सगळं एकाच हॉटेलात मिळत असेल तर थोडं थांबा. एवढ्या सगळ्याचं सामान रोज ताजं ठेवणं अवघड असतं. बऱ्याच हॉटेलांत दोन-तीन प्रकारच्या ग्रेव्ही सकाळीच करून ठेवतात आणि पंजाबी भाज्यांची लांबलचक यादी त्यांतूनच निघते. मग पनीरच्या दोन भाज्या मागवल्या तरी चव एकच लागते. अशा वेळी वेटरला सरळ विचारावं, "या दोन्हींची ग्रेव्ही वेगळी आहे का?" वेगळी नसेल तर एकच भाजी मागवून दुसरी डाळ घ्यावी.

छोटं मेनूकार्ड उलट विश्वासाचं असतं. नारायण पेठेतल्या बेडेकरांकडे लोक मिसळीसाठी जातात, पिझ्झा शोधायला कुणी जात नाही. जो पदार्थ दिवसभर खपतो तो साहजिकच ताजा असतो.

मासे खायचे असतील तर कॅलेंडरही बघावं. पश्चिम किनाऱ्यावर साधारण १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. जुलैत पानात आलेली सुरमई बहुतेक वेळा बर्फातली असते आणि भाव मात्र चढलेला असतो. बंदी उठली की बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे दिवस बरे, कारण आपल्याकडे मांसाहार याच दिवशी जास्त होतो आणि माल पडून राहत नाही. मेनूत माशाचा भाव 'साइजप्रमाणे' असं लिहिलं असेल तर ऑर्डर देण्याआधी आकडा विचारून घ्यावा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता बिलाकडे वळू

हॉटेल चांगलं असूनही पैसे वाया जातात ते इथे. पदार्थांचे १६०० रुपये झाले असं धरा. हॉटेलने १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला, म्हणजे १६० रुपये. मग १७६० वर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ८८ रुपये. बिल झालं १८४८. सर्व्हिस चार्ज नसता तर १६०० वर ८० रुपये कर लागून बिल १६८० झालं असतं. फरक १६८ रुपयांचा.

सर्व्हिस चार्ज हा सरकारी कर नाही, तो हॉटेलने लावलेला आकार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी स्पष्ट केलं की हॉटेलने तो आपोआप बिलात जोडू नये, दुसऱ्या कुठल्या नावानेही घेऊ नये आणि खाण्याच्या बिलात मिळवून त्यावर जीएसटी लावू नये. हॉटेलचालकांच्या संघटना कोर्टात गेल्या, पण २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना कायम ठेवल्या. संघटनांनी त्या निकालालाही पुढे आव्हान दिलं आहे. बिलात हा आकार दिसला तर काढायला सांगता येतो. हॉटेलने नकार दिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. वेटरचं काम आवडलं असेल तर टिप त्याच्याच हातात द्यावी.

जीएसटीचंही एक आहे. साध्या हॉटेलात, एसी असो वा नसो, तो ५ टक्के असतो. ज्या मोठ्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७५०० रुपयांच्या वर असतं, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के लागतो. कंपोझिशन योजनेतल्या छोट्या हॉटेलांना गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही. बिलावर 'कंपोझिशन' असं लिहिलेलं असेल आणि खाली कर जोडलेला असेल, तर विचारायलाच हवं.

बाटलीबंद पाण्याबाबत मात्र गिऱ्हाईक हरतं. हॉटेल छापील किमतीपेक्षा जास्त घेऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलंय. वेटरने "बिसलरी की साधं?" असं विचारलं की आधीच ठरवून उत्तर द्यावं.

स्वच्छतेचं काय?

१ जानेवारी २०२२ पासून हॉटेलच्या बिलावर एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर छापणं बंधनकारक आहे. 'फूड सेफ्टी कनेक्ट' या सरकारी ॲपवर त्या नंबरवरून परवाना तपासता येतो आणि तक्रारही करता येते. नंबर असला म्हणजे जेवण चांगलं असेलच असं नाही, पण तक्रारीची वेळ आली तर कुणाविरुद्ध करायची हे तरी कळतं. बाकी, हात धुवायला जाताना बेसिन आणि त्याखालची जागा बघावी. गिऱ्हाइकाला दिसणारी जागाच घाण असेल तर न दिसणाऱ्या भटारखान्याचा अंदाज येतो.

मग करायचं काय?

नवीन हॉटेलात पहिल्यांदाच सगळं घर घेऊन जाऊ नये. आधी एखाद्या दुपारी एकट्याने किंवा दोघांनी जावं आणि त्या हॉटेलात सगळ्यात जास्त खपणारा एकच पदार्थ खावा. जमलं तर डाळ-भात किंवा साधी थाळी घ्यावी, कारण चीज आणि बटरखाली बरंच काही झाकता येतं, पण साध्या वरणात काहीच लपत नाही.

आवडलं तर मोबाइलमध्ये तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: काय खाल्लं, माणशी किती पडले आणि पोट भरलं का. सहा महिन्यांत आठ-दहा नावांची यादी तयार होते. पुढच्या रविवारी "आज बाहेर जेवू" असं कुणी म्हटलं की मॅप उघडावा लागत नाही, आणि घरी येताना पिठलं-भाताची आठवणही कुणी काढत नाही.